झगामगा, मला बघा!

८ सप्टेंबर २०२२ या दिवशी दोन घटना घडल्या. सायंकाळी नवी दिल्लीत, इंडिया गेटजवळच्या ज्या छत्रीखाली एके काळी पंचम जॉर्जचा पुतळा उभा होता, तेथे नेताजी सुभाषचंद्रांच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले आणि ‘राजपथ’ हा ‘कर्तव्यपथ’ झाला. त्याच रात्री लंडनहून राणी एलिझाबेथ दुसरी हिच्या निधनाची वार्ता आली. राणी गेली आणि चार्ल्स राजा झाला, त्याच क्षणी इंग्लंडातील झाडून साऱ्या ‘क्वीन्स काउन्सेल’ वकिलांची पदवी बदलली. कोणी अर्ज केला नाही, परीक्षा दिली नाही की मुलाखत दिली नाही. काल ‘राणीचे वकील’ असलेले आज ‘राजाचे वकील’ झाले. नावापुढची ‘क्यू. सी.’ ही अक्षरे खोडून ‘के. सी.’ लिहिण्यासाठी पाटीवाल्यांकडे मात्र बरेच काम आले असणार.

यात इंग्रजांना काही वावगे वाटत नाही, आणि वाटू नये. ती त्यांची परंपरा आहे. प्रश्न आपला आहे. त्याच परंपरेची एक नक्कल आपण स्वतंत्र भारताच्या कायद्याच्या पुस्तकात, कलम आणि पोटकलम घालून, जतन करून ठेवली आहे. रस्त्याचे नाव बदलण्यास पाऊणशे वर्षे लागली. या नकलेकडे कोणाचे लक्ष जाण्यास किती वर्षे लागतील?

अधिवक्ता अधिनियम, १९६१ उघडावा आणि त्याचे सोळावे कलम वाचावे. भारतात वकिलांचे दोन वर्ग असतील, असे ते कलम सांगते: एक ‘ज्येष्ठ अधिवक्ते’ आणि दुसरे ‘इतर अधिवक्ते’. ‘इतर’ हा शब्द माझ्या पदरचा नाही, कायद्याचाच आहे. चाळीस वर्षे जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेला, शेकडो फौजदारी खटले चालवलेला, गावोगावच्या दोन पिढ्यांचे तंटे तोडलेला वकील कायद्याच्या लेखी ‘इतर’. ज्याच्या अंगावर उच्च न्यायालयाने वा सर्वोच्च न्यायालयाने निराळ्या कटाचा झगा चढवला, तो ‘ज्येष्ठ’. तेवीसावे कलम त्यापुढे जाते. न्यायालयात आधी कोणाचे ऐकायचे, याचा क्रमच तेथे लावून दिला आहे. महान्यायवादी, महान्यायअभिकर्ता, अतिरिक्त महान्यायअभिकर्ते, राज्यांचे महाधिवक्ता, मग ज्येष्ठ अधिवक्ते आणि त्यानंतर उरलेसुरले सारे. सरकारचे विधी अधिकारी आधी बोलतात हे समजण्यासारखे आहे, ते एका सरकारी पदाचे काम करीत असतात. पण एका खासगी पक्षकाराचा वकील दुसऱ्या खासगी पक्षकाराच्या वकिलाआधी का बोलणार? त्याने अधिक मोल देऊन ‘ज्येष्ठ’ उभा केला म्हणून? मग कायद्यापुढील समानता ती कोठे राहिली?

ही पद्धत आली कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. इंग्लंडात पूर्वी ‘सार्जंट’ नावाचा वकिलांचा एक वर्ग असे. डोक्यावर पांढरी टोपी हे त्यांचे चिन्ह, आणि न्यायाधीश त्यांच्यातूनच निवडले जात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या एलिझाबेथ राणीने फ्रान्सिस बेकनला आपला खास विधी सल्लागार केले आणि १६०४ मध्ये जेम्स राजाने त्या नेमणुकीला रीतसर सनद व वार्षिक वेतन दिले. ‘राजाचा वकील’ या पदवीचा उगम हा असा. हळूहळू या नव्या वर्गाने सार्जंटांना मागे टाकले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो जुना वर्ग इतिहासजमा झाला. रेशमी झगा घालण्याचा मान मिळतो म्हणून ही पदवी मिळण्याला तिकडे आजही ‘रेशीम घेणे’ म्हणतात. या रेशमाचा पहिला मानकरी बेकन पुढे लॉर्ड चॅन्सेलर झाला आणि १६२१ मध्ये पक्षकारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून, स्वतः कबुली देऊन, पदच्युत झाला. तत्त्वज्ञ आणि निबंधकार म्हणून तो मोठाच होता. तरीही झग्यावरून माणसाची पारख करू पाहणाऱ्यांनी पहिल्या झग्याची ही कथा विसरू नये.

आणखी एक गोष्ट आमच्याकडचे इंग्रजाळलेले विधिपंडित सहसा सांगत नाहीत. हा ‘राजाचा वकील’ नावाप्रमाणेच राजाचा बांधील होता. राजसत्तेविरुद्ध, म्हणजे सरकारने भरलेल्या खटल्यात आरोपीच्या बाजूने उभे राहायचे, तर त्याला आधी राजाकडून परवाना घ्यावा लागे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हा रिवाज होता. तेव्हा ‘ज्येष्ठता’ ही विद्वत्तेची पावती होती, असे कोणी म्हणू लागला तर त्याला एवढेच विचारावे की, मग तिच्यासोबत हे दावे कशाला बांधले होते?

मराठी मध्यमवर्गाला या झग्याचे आणि त्याच्या थोरल्या भावाचे, म्हणजे ‘बॅरिस्टर’ या उपाधीचे, मोठे आकर्षण होते. नावाआधी ‘बॅ.’ लागले की लग्नाच्या बाजारात भाव वधारे, सभेत पहिल्या रांगेतली खुर्ची मिळे. ही उपाधी मिळवण्यासाठी विलायतेत काय करावे लागे? परीक्षा होत्याच, पण त्या फार कठीण होत्या असे तेव्हाचे लोकही म्हणत नसत. खरी अट जेवणाची होती! बारा सत्रे आणि प्रत्येक सत्रात ‘इन’मध्ये किमान सहा भोजने. म्हणजे बहात्तर वेळा पंगतीला बसल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नसे. आमच्याकडे भोजनभाऊ म्हणून ज्यांची टिंगल होते त्यांनी तिकडे जन्म घ्यायला हवा होता.

याउलट मुंबईत काय होते? उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत इंग्रज बॅरिस्टरांची मक्तेदारी होती. विलायतेस न जाता तेथे उभे राहायचे तर अ‍ॅडव्होकेटची परीक्षा द्यावी लागे, आणि ती भल्याभल्यांचा घाम काढी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही १८७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत याच मार्गाने त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. तेलंगांनी विलायतेचे पाणी न चाखता मूळ शाखेत बॅरिस्टरांच्या बरोबरीने वकिली केली आणि १८८९ मध्ये ते त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. संस्कृत ग्रंथांचा तो प्रकांड पंडित. त्याच्या नावाआधी ‘बॅ.’ नव्हते म्हणून कोणाचे काय अडले?

आता त्या ‘बॅ.’ची दुसरी बाजू पाहू. ती आमच्या घराघरांत ठाऊक असायला हवी, पण आहे का, याची शंका वाटते. पंडित श्यामजी कृष्ण वर्मा हे इनर टेंपलचे बॅरिस्टर, ऑक्सफर्डचे पदवीधर, संस्कृतचे जाणकार. लंडनमध्ये इंडिया हाउस उभारून त्यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची भाषा सुरू केली आणि १९०९ च्या एप्रिलमध्ये इनर टेंपलने त्यांचे नाव आपल्या पटावरून काढून टाकले. त्याच वर्षी ग्रेज इनमध्ये विनायक दामोदर सावरकर नावाचा भगूरचा तरुण सर्व परीक्षा उत्तीर्ण होऊन सनदेची वाट पाहत होता. त्याला बॅरिस्टरीची सनद नाकारण्यात आली. त्याच्या कायद्याच्या ज्ञानात काही उणे होते, असा त्याच्या शत्रूंनीही दावा केला नाही. उणी होती ती राजनिष्ठा. १९२२ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेनंतर मोहनदास करमचंद गांधी यांचेही नाव इनर टेंपलने खोडले. तीन माणसे, तीन निराळे मार्ग, एकमेकांशी तीव्र मतभेद असलेली. तिघांवर रागावलेला दरबार मात्र एकच. ज्याला आम्ही विद्येची पदवी समजत होतो ती मर्जीची पदवी होती, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगावे?

प्रामाणिकपणाने दुसरी नोंदही केली पाहिजे. ज्या ग्रेज इनने सावरकरांना नाकारले, त्याच ग्रेज इनमधून १९२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले. मुंबईत परतल्यावर मोठमोठ्या सॉलिसिटर पेढ्यांनी त्यांना उभे केले नाही. उपाधी होती, विद्वत्ता तर अलौकिक होती, पण काम देणाऱ्यांची साखळी जातीच्या आणि ओळखीच्या कड्यांनी बांधलेली होती. उपाधीवादाचा हा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. तो आमचा आहे. आजच्या ‘ज्येष्ठ’ अधिवक्त्यांची यादी पाहताना हा प्रसंग ज्याला आठवत नाही, त्याने समरसतेवर भाषणे देऊ नयेत.

इनर टेंपलने १९८८ मध्ये गांधीजींचे नाव पुन्हा पटावर घेतले. श्यामजींच्या मरणोत्तर पुनःस्थापनेचे प्रमाणपत्र नोव्हेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हाती लंडनमध्ये सोपवण्यात आले. ज्या माणसाच्या अस्थी जिनिव्हात ७३ वर्षे मायदेशाची वाट पाहत होत्या आणि ज्या २००३ मध्ये मांडवीला आल्या, त्या माणसाविषयी इंग्रजांना आपली चूक कबूल करावी लागली, याचे समाधान मलाही झाले. त्या वेळेपासून काही उत्साही मित्र विचारतात की, सावरकरांनाही ग्रेज इनने मरणोत्तर सनद द्यावी, अशी मागणी आपण का करू नये? येथे मी त्यांच्यापासून वेगळा होतो. श्यामजींचे जे होते ते हिरावून घेतले होते. त्यांना ते परत मिळाले. सावरकरांना तर ते दिलेच गेले नाही. ते न मिळाल्याने त्यांचे काही कमी झाले का? आज शंभराहून अधिक वर्षांनी आपण त्यांच्यासाठी त्याच दारात ताटकळत उभे राहणे त्यांना रुचले असते का? ‘मेयर’ला ‘महापौर’ म्हणायला शिकवणाऱ्या माणसाला ‘बॅ.’ चिकटवण्याची हौस आपण आवरलेली बरी.

लोकमान्यांचे उदाहरण तर मुंबईच्या भिंतीवर कोरलेले आहे. टिळक कायद्याचे पदवीधर, पण बॅरिस्टर नव्हते. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. समोर न्यायासनावर होते न्या. दिनशा दावर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या बाजूने जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर! त्यांनी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली आणि पुढे ते ‘सर दिनशा’ झाले. आज मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या दालनाबाहेर शिलालेख आहे तो टिळकांच्या शब्दांचा, आणि १९५६ मध्ये त्याचे अनावरण केले ते त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी. ‘सर’ या उपाधीचा शिलालेख मला तेथे तरी आढळला नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही गुणवत्तेचे वैरी आहात काय? अनुभवी, व्यासंगी विधिज्ञाला समाजाने मान देऊ नये काय? आक्षेप गंभीर आहे, त्याला तसेच उत्तर दिले पाहिजे. मान द्यावा, अवश्य द्यावा. आमच्या परंपरेत रामशास्त्री प्रभुणे होऊन गेले. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगताना त्यांच्या अंगावर कोणता झगा होता, हे कोणी विचारत नाही. ‘शास्त्री’ ही उपाधी होतीच, पण ती दरबारच्या मर्जीने आली नव्हती आणि दरबारची मर्जी गेल्याने गेली नाही. त्यांनी पुणे सोडले, उपाधी त्यांच्याबरोबरच गेली. मान आणि मानकरीपणा यांत हा फरक आहे. मान समाज देतो. मानकरीपणात वेगळी पालखी आणि पहिला नैवेद्य येतो. अधिवक्ता अधिनियमाने दिला आहे तो मानकरीपणा.

हेही सांगितले पाहिजे की ज्येष्ठ अधिवक्त्यावर बंधने आहेत. तो वकीलपत्र दाखल करू शकत नाही, दावा वा अर्ज लिहून देऊ शकत नाही, पक्षकाराकडून थेट काम घेऊ शकत नाही, दुसऱ्या वकिलाशिवाय उभा राहू शकत नाही. कागदावर ही बंधने त्यागाची वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा भार पक्षकाराच्या खिशावर पडतो. एकाऐवजी दोघांचे, सर्वोच्च न्यायालयात तर पुष्कळदा तिघांचे शुल्क त्याला द्यावे लागते.

एक प्रसंग सांगतो. आमच्या तालुक्यातील एका विधवा बाईचा वाटपाचा दावा दुसऱ्या अपिलापर्यंत पोहोचला. खालच्या दोन्ही न्यायालयांत ज्या वकीलसाहेबांनी तो चालवला त्यांनी एकोणीस वर्षांत बाईकडून घेतले ते कागदाचे आणि टंकलेखनाचे पैसे, आणि सुगीला एखादे पोते ज्वारी. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात समोरच्या बाजूने ‘ज्येष्ठ’ उभे राहणार असे कळले. बाईचे भाऊ घाबरले. आपणही ‘ज्येष्ठ’ उभा केला नाही तर न्यायमूर्ती आपले ऐकणारच नाहीत, असे त्यांना कोणीतरी पढवले. त्यांनी रस्त्यालगतची जमीन विकली. आदल्या रात्री वकीलसाहेब एसटीने गेले, सोबत सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा. सकाळी न्यायालयाच्या व्हरांड्यात ज्येष्ठ महोदयांनी चालता चालता त्यांना विचारले, “मुद्दा काय आहे?” वकीलसाहेबांनी एका चिठोऱ्यावर चार ओळी लिहून दिल्या. आत सुनावणी झाली ती पंधरा मिनिटे, आणि मांडले गेले ते त्या चार ओळींतले. अपील बाईच्या बाजूने सुटले. ज्येष्ठ महोदय वाईट बोलले असे मी म्हणत नाही, उत्तम बोलले. प्रश्न असा की, त्या चार ओळी ज्याच्या डोक्यातून आल्या त्याच्या तोंडून त्या ऐकण्यास न्यायव्यवस्थेची कोणती हरकत होती?

ही पदवी कशी दिली जाते, त्यातही आपण इंग्लंडच्याच पावलावर पाऊल टाकले. तिकडे ती लॉर्ड चॅन्सेलरच्या हातात असे आणि न्यायाधीश व ज्येष्ठ वकील यांच्याशी गुपचूप कानगोष्टी करून नावे ठरत. १९९९ मध्ये तेथल्या सॉलिसिटरांच्या संस्थेनेच या कानगोष्टींत भाग घेण्यास नकार दिला. २००३ मध्ये नेमणुका थांबल्या आणि २००६ पासून स्वतंत्र निवड मंडळाकडून त्या होऊ लागल्या. आमच्याकडे मात्र न्यायमूर्तींच्या बंद बैठकीत मतदान होऊन नावे ठरण्याची रीत तोपर्यंत निर्वेध चालू होती. सर्वोच्च न्यायालयाने पहिली महिला ज्येष्ठ अधिवक्ता १९७७ मध्ये नेमली, दुसरी २००७ मध्ये! मधल्या तीस वर्षांत या देशात एकही स्त्री त्या झग्यास पात्र नव्हती, असे कोणास म्हणायचे असेल तर त्याने ते जाहीरपणे म्हणावे. जानेवारी २०२४ मध्ये एकाच वेळी अकरा महिला नेमल्या गेल्या. पात्रता काही एका रात्रीत उगवत नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुणांची पद्धत आणली. शंभरपैकी वकिलीच्या वर्षांना २०, निकालपत्रांना ४०, प्रकाशित लेखनाला १५ आणि मुलाखतीला २५ गुण. २०२३ मध्ये लेखनाचे गुण ५ वर आणून निकालपत्रांचे ५० केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मुळात हा दुहेरी वर्गच घटनाबाह्य आहे अशी याचिका न्यायालयाने फेटाळली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एकदम ७० जणांना ज्येष्ठ केले. त्यावर वाद झाला, निवड समितीतील एका सदस्याने राजीनामा दिला. आणि १३ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक, न्या. उज्जल भुयान आणि न्या. भट्टी यांच्या पीठाने गुणांची ही पद्धतच रद्द केली, निर्णय पुन्हा संपूर्ण न्यायालयाकडे दिला आणि उच्च न्यायालयांना चार महिन्यांत नवे नियम करण्यास सांगितले. आठ वर्षांत गाडी वळसा घालून जवळपास निघाली तेथेच आली. मुळातच वाकडे असलेले लाकूड कितीही तासले तरी सरळ होत नाही, त्यातलाच हा प्रकार.

त्या निकालात एक चांगली गोष्ट आहे आणि ती नोंदवली पाहिजे. ज्येष्ठतेची मक्तेदारी मूठभरांकडे राहू नये, जिल्हा आणि सत्र न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांचाही विचार व्हावा, असे पीठाने स्पष्ट म्हटले. गुणपद्धतीत त्यांना दार बंदच होते. ‘निकालपत्रांना ५० गुण’ म्हणजे काय? छापील विधिवृत्तांत निकाल येतात ते उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे. तालुक्याच्या वकिलाने उलटतपासणीत साक्षीदाराकडून काढून घेतलेले सत्य कोणत्या ग्रंथात छापतात? शिवाय १९९८ पासून महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. या वकिलाने शुद्ध, नेमक्या मराठीत केलेला युक्तिवाद आणि लिहिलेली कैफियत दिल्लीच्या कोणत्या समितीने वाचली असती? घटनेच्या ३४८ व्या कलमाने वरची न्यायालये इंग्रजीत ठेवली आणि ज्येष्ठता वरच्या न्यायालयांनी आपल्याजवळ ठेवली. मग ज्येष्ठता इंग्रजी बोलू लागली, यात नवल कसले?

निवृत्त न्यायमूर्तींचा प्रकार निराळाच. उच्च न्यायालयाचा कायम न्यायमूर्ती निवृत्तीनंतर आपल्या न्यायालयात वकिली करू शकत नाही, पण सर्वोच्च न्यायालयात आणि अन्य उच्च न्यायालयांत करू शकतो. अशांना केवळ पत्र देऊन ज्येष्ठतेची मागणी करण्याची मुभा मिळाली. काल न्यायासनावर, आज झगा घालून खाली. ही मानद पदवी नव्हे तर काय? कॅनडात ओंटारिओ प्रांताने १९८५ मध्ये ‘क्वीन्स काउन्सेल’ देणे बंद केले होते, कारण ती राजकीय खिरापत झाली होती. २०२३ मध्ये तेथल्या सरकारने ती प्रथा ‘किंग्ज काउन्सेल’ नावाने पुन्हा सुरू केली आणि नव्वदहून अधिक जणांच्या पहिल्याच यादीत स्वपक्षाचे मंत्री घातले! मानद उपाध्यांचा शेवट शेवटी असाच होतो, देश कोणताही असो.

आपल्या घटनेच्या अठराव्या कलमाने शासनाला किताब देण्यास मनाई केली आहे. अपवाद फक्त लष्करी आणि विद्याविषयक सन्मानांचा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘भारतरत्न’ आणि ‘पद्म’ सन्मान वैध ठरवताना, ते नावामागे-पुढे लावता येणार नाहीत, असे बजावले. म्हणजे भारतरत्नाने आपल्या नावाला भारतरत्न जोडायचे नाही. ज्येष्ठ अधिवक्त्याने मात्र पाटीवर, पत्रावर आणि निकालपत्रात ती पदवी मिरवायची. यातली सुसंगती मला अजून उमगलेली नाही.

आणि ती ‘माय लॉर्ड’ची शोभा! २००६ मध्येच बार कौन्सिल ऑफ इंडियाने, हे संबोधन वसाहतकाळाचे अवशेष आहे असे म्हणून, उच्च व सर्वोच्च न्यायालयांसाठी ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ असा पर्याय दिला. जानेवारी २०१४ मध्ये न्या. दत्तू आणि नागपूरचे न्या. शरद बोबडे यांच्या पीठाने, ‘माय लॉर्ड’ म्हणा अशी आमची सक्ती कधीच नव्हती, असे सांगितले. २०१९ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तर ठराव करून वकिलांना विनंती केली. तरी दररोज सकाळी साडेदहाला तो घोष सुरू होतोच. सक्ती नसताना लॉर्ड म्हणणाऱ्याला गुलाम म्हणावे की हौशी, हे वाचकांनी ठरवावे. मे-जूनच्या उकाड्यात काळा कोट आणि वर काळा झगा घालून घामाघूम होणारे आमचे वकील पाहिले की, इंग्रज बारमध्ये सांगितली जाणारी ती कथा आठवते. सतराव्या शतकात राजघराण्यातील मृत्यूमुळे त्यांनी काळे वस्त्र धारण केले आणि ते पुन्हा उतरवलेच नाही. खरीखोटी ते जाणोत. आम्ही मात्र परक्याच्या घरचे सुतक तीनशे वर्षांनीही पाळतो आहोत.

१६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा शिवछत्रपतींनी केवळ सिंहासन उभारले नाही. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पदाचे नाव बदलले की त्या पदावरील माणसाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते बदलते, हे त्यांना कळत होते. आज भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. ती चालवणाऱ्यांच्या श्रेणी मात्र अजून एलिझाबेथच्या दरबारातल्या.

संसदेने सोळावे कलम ठेवायचे तर ते केवळ सन्मानापुरते ठेवावे आणि तेवीसाव्या कलमातील ज्येष्ठांचा प्राधान्याचा हक्क काढून टाकावा. झग्याचा वेगळा कट रद्द करावा. निवृत्त न्यायमूर्तींना आपोआप काही मिळू नये. प्रत्येक उच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यांतील, देशी भाषेत काम केलेल्या, गरिबांचे खटले विनामोबदला चालवलेल्या वकिलांची नावे जिल्हा न्यायाधीशांकडून मागवावीत. हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ आठवावा. अमरावतीचे न्या. भूषण गवई तेव्हा सरन्यायाधीश होते. आपल्या न्यायालयात तातडीची प्रकरणे तोंडी मांडण्यास त्यांनी ज्येष्ठांना बंदी केली, कनिष्ठांनी ती मांडावीत असे सांगितले. आकाश कोसळले नाही. कनिष्ठ उभे राहिले, बोलले, कामकाज झाले.

त्या विधवा बाईंना निकालाची प्रमाणित प्रत मिळाली तेव्हा त्यांनी ती वकीलसाहेबांकडे वाचायला आणली. आमच्या बार रूममध्ये, खिडकीशेजारच्या त्यांच्या नेहमीच्या बाकावर बसून त्यांनी ती मराठीत समजावून सांगितली. पहिल्या पानावर हजर असलेल्या वकिलांची नावे होती. ज्येष्ठ महोदयांचे होते, त्यांना सूचना देणाऱ्या वकिलांचे होते, समोरच्या ज्येष्ठांचे होते. बाईंनी विचारले, “साहेब, तुमचं नाव कुठं हाय?” वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि, “पुढचं ऐका,” म्हणून दुसरे पान उलटले.